ग्रीक तत्त्ववेत्त्यांचा शाकाहार आणि आमची पंगत

कृष्णा आणि पंचगंगा ह्यांच्या संगमावरील नृसिंहवाडी आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. लोक तिला नरसोबाची वाडी म्हणतात. नृसिंह सरस्वतींनी तेथे बारा वर्षे वास केला अशी दत्तभक्तांची परंपरा आहे. त्यांच्या पादुकांचे देऊळ घाटावर असून पावसाळ्यात नदी चढली म्हणजे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, व त्या पाण्यात स्नान करावयास दूरदूरचे लोक येतात. पेढे, बासुंदी व कवठाची बर्फी ह्यांची दुकाने रस्त्याच्या दोन्ही अंगांस आहेत. एरवी मांस खाणारा मनुष्यही वाडीस निघाला म्हणजे त्या दिवशी ते वर्ज्य करतो. शिवाय शिरोळ तालुक्यात जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी असल्यामुळे मांस न खाणे ही गोष्ट त्या बाजूस कोणास नवलाची वाटत नाही.

वाडीपासून काही कोसांवर एका गावी आमची लहानशी मंडळी आहे. तेथील एक तरुण वाडीस पेढ्यांच्या दुकानात कामास जातो. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यातील महापुरात त्या तालुक्यातील गावेच्या गावे हलवावी लागली, तेव्हा ह्याने आपली शेळी खांद्यावर घालून बाहेर काढली होती. पुढे त्या शेळीस झालेला एक बोकड त्याने स्वतःच्या हाताने वाढविला. घरात पैशाची अडचण पडली तेव्हा बापाने तो मंडळीच्या नाताळच्या जेवणासाठी विकला. जेवणाच्या दिवशी हा तरुण पंगतीस बसला, पण त्याने रस्सा घेतला नाही. पुढे त्याने मांस अजिबात सोडले. कोणी कारण विचारले तर एवढेच म्हणे, “त्येला म्या चारा घातला हुता. त्येचं मटण कसं खाऊ?”

हे एवढ्यावर मिटले असते. परंतु मंडळीतील काही वडील माणसे म्हणू लागली की पेढ्यांच्या दुकानात राहून ह्याला तिकडची हवा लागली, आज मटण सोडले, उद्या पादुकांवर डोके ठेवील. त्यांच्यापेक्षा आम्हांस अधिक लागले ते एका वृद्ध बाईचे बोलणे. ती म्हणाली, “माझ्या सासऱ्यानं गावची मेली ढोरं वढली आन् त्येच्यावरच घर जगवलं. ताटात ताजं मटण पडाया आमच्या दोन पिढ्या गेल्या, साहेब. आता ह्यो पोरगा आमच्याच पंगतीत बसून नगं म्हंतोय. म्हंजी आमी अजून वंगाळच का?”

तेथील उपदेशकाने आम्हांस पत्र लिहून विचारले की, ह्या तरुणास मागे फिरलेला समजून पंचांपुढे बोलवावे किंवा कसे? ते पत्र पुष्कळ दिवस आमच्या मेजावर पडून राहिले. हा तंटा कृष्णाकाठी प्रथम उत्पन्न झालेला नाही, म्हणून उत्तर देण्यापूर्वी वाचकांस थोडे दूर, ग्रीक लोकांच्या देशात नेतो. मांस वर्ज्य करणे हा केवळ हिंदुस्थानातील ब्राह्मण-जैनांचा विचार आहे अशी आपल्यात सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही.

ख्रिस्तापूर्वी सहाव्या शतकात सामोस बेटावर पायथागोरस नामक तत्त्ववेत्ता जन्मला. शाळेत ज्याचा सिद्धांत मुले भूमितीत शिकतात तोच हा. तो पुढे इटलीच्या दक्षिणेस क्रोटोन नगरात जाऊन राहिला व तेथे त्याने शिष्यांचा एक समाज स्थापिला. मेल्यावर मनुष्याचा आत्मा दुसऱ्या प्राण्याच्या देहात जातो असे तो शिकवी, आणि म्हणून त्याचे अनेक शिष्य मांस खात नसत. त्याच्याविषयी अशी एक कथा आहे की वाटेने जाताना कोळी जाळे ओढीत होते. त्याने जाळ्यातील मासे पुन्हा समुद्रात सोडविले, पण कोळ्यांस माशांची किंमत देऊन. ही कथा खरी असो वा नसो, तिच्यातील किंमत देण्याचा भाग आम्हांस आवडतो. दया माशांवर केली, पण कोळ्याची मजुरी बुडविली नाही.

स्वतः पायथागोरस काय खात असे ह्याविषयी मात्र ग्रीक ग्रंथकारांतच एकवाक्यता नाही. तो मुळीच मांस खात नसे असे कोणी म्हणतात. तो करडाचे व डुकराच्या कोवळ्या पिलाचे मांस खाई असे अरिस्टोक्सेनस लिहून गेला आहे. मोठ्या गुरूच्या ताटाविषयी त्याच्या पश्चात शिष्यांत वाद होतो, हे तेथेही चुकले नाही. त्याच्या पंथात पावट्यासारखी एक शेंग वर्ज्य होती, आणि तिच्या कारणांविषयी तर दहा तोंडे दहा गोष्टी सांगतात. आमच्या वाडीस नेमकी उलट कथा आहे. गरीब ब्राह्मणाच्या दारच्या घेवड्याच्या शेंगांची भाजी नृसिंह सरस्वतींनी भिक्षेत घेतली, जाताना तो वेल उपटला, व त्या जागी खणताना धनाचा हंडा निघाला, असे गुरुचरित्रात वर्णिले आहे. एका गुरूस शेंग चालली, दुसऱ्यास चालली नाही. ह्यावरून शेंगेची योग्यता ठरवू पाहणारा मनुष्य फसेल.

सिसिलीतील एम्पेडोक्लीज पायथागोरसाच्याच मार्गाचा. बाप अजाणता आपल्याच मुलाचा बळी देतो, कारण मुलाचा आत्मा त्या पशूत आलेला असतो, असे तो म्हणे. आता आम्ही पुनर्जन्म मानीत नाही. मग ह्या लोकांचे म्हणणे आमच्यापुरते खुंटले असे कोणी म्हणेल. परंतु त्यांच्या मागून थिओफ्रास्टस झाला. हा अरिस्टॉटलाचा शिष्य व त्याच्या शाळेचा पुढचा प्रमुख. पशू मनुष्याच्या उपयोगासाठीच आहेत असे अरिस्टॉटलाने लिहिले होते. शिष्याने ते मान्य केले नाही. त्याने पुनर्जन्माचा आधारही घेतला नाही. त्याचे म्हणणे साधे होते: पशूंस आपल्यासारखीच इंद्रिये आहेत, राग-भय-वेदना आहेत, म्हणून त्यांच्याशी आपले एक नाते आहे, आणि जो प्राणी आपणास अपाय करीत नाही त्याचा जीव ही आपली मालमत्ता नव्हे, मग ती देवास तरी कशी अर्पावी? आरंभी मनुष्य देवास धान्य व वनस्पतीच वाहत असे, पशूंचे बळी मागून दुष्काळ व युद्धे ह्यांच्या संकटात सुरू झाले, असेही तो सांगे. आमच्या वाचकांस येथे उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आठवेल. तेथे मनुष्यास अन्न म्हणून वनस्पती व फळे दिली आहेत. मांसाची परवानगी येते ती जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात. तेव्हा “त्येला म्या चारा घातला हुता” म्हणणारा आमचा तरुण पेढ्यांच्या दुकानातून काही शिकून आला, असे धरण्याचे कारण नाही. थिओफ्रास्टसाने ग्रंथात सांगितले ते त्याला गोठ्यात कळले.

प्लेटोच्या ग्रंथातील पहिले साधे नगर जव, गहू, अंजीर, हरभरे, चीज व जैतुनाची फळे ह्यांवर तृप्त असते. चैनीचे नगर आले म्हणजे डुकरे राखणारे येतात, वैद्य अधिक लागतात, जमीन अपुरी पडते व शेजाऱ्यांशी युद्ध सुरू होते. ऊस व पाणी ह्यांवरून भांडणारी आमची गावे मांसावाचूनही युद्ध करू शकतात, म्हणून ह्या युक्तिवादावर आम्ही फार भार देत नाही.

प्लुटार्काचे मात्र ऐकण्याजोगे आहे. हा ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकातला, म्हणजे पौलाच्या नंतर थोडक्याच काळाचा. मांस खाण्याविषयी त्याची दोन लहान भाषणे राहिली आहेत. तो म्हणतो की, ज्या पहिल्या मनुष्याने मेलेल्या पशूच्या देहास तोंड लाविले त्याच्याविषयी नवल करा. पण लागलीच तो त्या पहिल्या लोकांची बाजूही घेतो. त्यांस पीक नव्हते, अवजारे नव्हती, भूक पोटात होती. त्यांनी ते निरुपायाने केले. दोष द्यावयाचा तर ज्यांची कोठारे भरलेली आहेत त्यांस द्यावा. हे वाचताना ती वृद्ध बाई आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिच्या सासऱ्याने मेलेले ढोर ओढले ते आवडीने नव्हे. गावाने ते काम त्याच्या जातीच्या माथी मारिले, दुसरे अन्न दिले नाही, आणि वर तो ते खातो म्हणून त्यास नीच ठरविले. १९२७ च्या मार्चात महाड येथे डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला तो ही साखळी तोडण्यासाठी. अशा घराण्यास ताज्या मटणाचे ताट ही चैन वाटली नाही, माणसांत आल्याची खूण वाटली. बाईचे दुखणे येथे आहे, आणि ते खरे आहे. तिला थिओफ्रास्टस सांगून ते जाणार नाही.

आता मंडळीच्या संशयाकडे वळू. ग्रीक नगरांत मांस बहुधा देवळापुढील बळीचे असे. सण आला, बैल कापला, नगराने वाटून खाल्ला. ज्याने मांस सोडले तो नगराच्या जेवणातून व पूजेतून वेगळा पडला. मग लोक त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहू लागले तर आश्चर्य कसले? रोमचा तत्त्ववेत्ता सेनेका ह्याने वृद्धपणी एका पत्रात आपली तरुणपणची हकीकत सांगितली आहे. सोटिओन नामक गुरूच्या शिकवणीने त्याने मांस सोडले; वर्षभरात त्यास ते सोपे वाटू लागले व मन अधिक हलके झालेसे वाटले. परंतु तिबेरियस बादशहाच्या कारकिर्दीचा तो आरंभ होता. परदेशी धर्मांविषयी सरकार सावध होते, आणि काही प्राण्यांचे मांस न खाणे हा अशा धर्माकडे कल असल्याचा पुरावा समजला जाई. बापाने विनंती केली व मुलगा पुन्हा मांस खाऊ लागला. सेनेका प्रामाणिकपणे सांगतो की बापास चुगलखोरांचे भय नव्हते, तत्त्वज्ञानाचाच तिटकारा होता. आणि चांगले जेवण्यास आपले मन वळविणे त्यास जड गेले नाही, हेही तो कबूल करतो. एका तरुणाच्या मनात आलेली दया अशा रीतीने दोन हजार वर्षांपूर्वी विझली. तिला कोणी उत्तर दिले नाही. तिच्यावर परक्या धर्माचा वास आहे एवढे म्हणणे पुरे झाले.

हेच आमच्या महाराष्ट्रात एका थोर ख्रिस्ती बाईच्या वाट्यास आले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्या शाकाहारी होत्या व ख्रिस्ती झाल्यावरही तशाच राहिल्या. अंडे घातलेले गोड पक्वान्नही त्या घेत नसत. त्यांची काळजी वाहणाऱ्या जोगिणींस हा जातीचा उरलेला अभिमान वाटला, व त्याविषयी पत्रांतून वाद झाला. रमाबाईंनी नमते घेतले नाही. आपण हिंदु लोकांतल्या आहोत व त्यांच्या चाली जेथवर पाळता येतील तेथवर पाळू, अशा अर्थाचे त्यांनी उत्तर दिले. ह्याच बाईंनी पुढे केडगावास मुक्तिसदनात जातिभेद न पाळता दुष्काळातील शेकडो अनाथ मुली व विधवा आपल्या पंखांखाली घेतल्या. त्यांच्या ताटात मांस नव्हते म्हणून त्यांच्या पंक्तीत भेद होता काय? ज्या वडील माणसांस आमच्या तरुणाविषयी शंका आहे त्यांनी ह्याचा विचार करावा. दानीएलाने बाबेलात राजाच्या ताटातील मांस नाकारून डाळी-भाजीवर दिवस काढले, हे तर ते आपल्या मुलांस शिकवितातच.

येथवर लिहून झाल्यावर थांबलो असतो, तर आमचे म्हणणे एकांगी झाले असते. कारण त्या वृद्ध बाईच्या प्रश्नास अजून उत्तर मिळालेले नाही, आणि ग्रीक लोकांचे दोषही अजून सांगितलेले नाहीत.

युडॉक्सस म्हणून एक ज्योतिषी होता. त्याचे एक विधान पोर्फिरीने पायथागोरसाच्या चरित्रात राखून ठेविले आहे. ते असे की, पायथागोरस मांस तर खात नसेच, पण खाटिकांच्या व पारध्यांच्या जवळही जात नसे. वाचकहो, हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे की नाही? बोकडावर दया केली आणि ती पुरी होण्यापूर्वीच खाटकाचा विटाळ मानिला. कोळ्यास किंमत देणारा पायथागोरस एका कथेत, आणि खाटकाची सावली टाळणारा दुसऱ्या कथेत. दोन्ही कथा एकाच मनुष्याच्या सांगतात.

पोर्फिरी हा तिसऱ्या शतकातला, ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक. आमच्या धर्माविरुद्ध त्याने लिहिलेला मोठा ग्रंथ पुढे ख्रिस्ती बादशहांनी जाळविला. मांस वर्ज्य करण्याविषयी प्राचीन काळचा सर्वांत मोठा ग्रंथ त्याचाच, चार भागांचा. फर्मस नावाचा त्याचा एक स्नेही शाकाहार सोडून पुन्हा मांस खाऊ लागला, त्याची समजूत घालण्यास तो लिहिला. विरोधकाचा असला तरी ग्रंथ उत्तम आहे, आणि थिओफ्रास्टसाचे विचार बहुतांशी त्यामुळेच टिकले. पण आरंभीच पोर्फिरी स्पष्ट करतो की, हा उपदेश सर्वांसाठी नाही. हातकाम करणारे कारागीर, पहिलवान, शिपाई, खलाशी, ह्यांच्यासाठी तो लिहीत नाही. आपण कोण व कोठे जावयाचे ह्याचा विचार करणाऱ्यांसाठी लिहितो. म्हणजे ज्यांच्या घामावर तत्त्ववेत्त्याचे घर चालते त्यांनी खुशाल मारावे व खावे. पवित्रता मात्र मोजक्यांची. चौथ्या भागात तो आपल्या हिंदुस्थानाचीही हकीकत देतो: ब्राह्मण हे एकाच कुळात जन्मलेले, व श्रमण हे सर्व जातींतून आपखुशीने आलेले. हा भेद त्याला दुरून ऐकूनही कळला. आम्ही जवळ राहून तो विसरतो. जे जन्माने मिळाले त्याचा गर्व होतो. जे विचाराने धरिले त्याचा बहुधा होत नाही, पण होणारच नाही अशी हमी नाही.

अथेन्स नगरात एक विलक्षण सण होत असे, तोही पोर्फिरीनेच सविस्तर सांगितला आहे. पूर्वी एका बैलाने वेदीवरील धान्याचा नैवेद्य खाल्ला, म्हणून एकाने रागाने त्यास मारिले. पुढे दुष्काळ पडला. त्याची आठवण म्हणून दरवर्षी एक बैल कापीत. मुली धार लावण्यासाठी पाणी आणीत, दुसरे कुऱ्हाड व सुरी पाजळीत, तिसरा कुऱ्हाड हाती देई, चौथा मारी, पाचवा कापी, आणि सगळे खात. मग बैलाच्या कातड्यात गवत भरून त्यास उभा करीत व नांगरास जुंपीत. आमच्याकडे बेंदरास बैल सजवून मिरवितात ते पाहिलेल्यास हे चित्र चमत्कारिक वाटेल. त्यानंतर खटला चाले. पाणी आणणाऱ्या मुली धार लावणाऱ्यांकडे बोट दाखवीत, ते कुऱ्हाड देणाऱ्याकडे, तो कापणाऱ्याकडे, आणि कापणारा सुरीकडे. सुरीस बोलता येत नसे. तिला दोषी ठरवून समुद्रात टाकीत.

हे वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. आमच्या नाताळच्या बोकडाचे काय झाले होते? मंडळीने वर्गणी केली, बापाने पैसे घेतले, गावच्या मुलाण्याने कापला, बायांनी शिजविला, आम्ही आशीर्वाद मागितला व जेवलो. मुलाणी आपला वाटा घेऊन पंगतीपूर्वीच निघून गेला होता. त्यास बसा म्हणावे हे कोणाच्या मनात आले नाही. आमच्याही आले नाही. गावाने आम्हांस वेगळे बसविले म्हणून शंभर वर्षे तक्रार करणारे आम्ही, आमच्या हाताखालच्या सुरीस समुद्रात टाकून मोकळे झालो होतो.

म्हणून उपदेशकास आम्ही असे लिहिले. तरुणास पंचांपुढे बोलावू नये. पशू मारणे बरे की वाईट, हा जो प्रश्न त्याच्या मनात उत्पन्न झाला आहे तो थोर लोकांच्या मनातही उत्पन्न झालेला आहे, व त्यास उपहासाने उत्तर देता येत नाही. आम्ही स्वतः मांस खातो. थिओफ्रास्टसाचे पुरते खंडन आम्हांस साधलेले नाही, हे कबूल करतो. परंतु त्या तरुणासही सांगावे की, मांस खाणारा मनुष्य नीच की उच्च हा प्रश्न निराळा आहे, व तो त्याने तोंडातून किंवा तोंडाच्या रेषेतूनही काढू नये. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने दोन्ही पक्षांस एकदम हटकिले आहे. आमच्या मंडळ्यांत मात्र ज्याला जो अर्धा सोयीचा तो अर्धाच वाचला जातो. त्याने त्या वृद्ध बाईकडे स्वतः जावे, आणि आपण बोकडासाठी मटण सोडले, तिच्यासाठी नव्हे, हे तिला सांगावे. पत्राने हे होणार नाही.

तो गेला. काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. पुढच्या नाताळास आम्ही मुद्दाम त्या गावी गेलो. चुलीवर दोन भांडी होती, एकात मटण व दुसऱ्यात कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी. तरुण वाढावयास उभा होता. वृद्ध बाईने त्याच्या हातून मटण वाढून घेतले, कमी वाढलेस म्हणून त्यास दटाविले, व पुन्हा घेतले. मुलाण्यास ह्या खेपेस उपदेशकाने पंगतीस ठेवून घेतले होते. तो आमच्या शेजारीच बसला. मटणाचे भांडे त्याच्यापाशी आले तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरिला आणि म्हणाला, “नगं पाळकसाहेब, ज्या दिशी म्या कापतो त्या दिशी मला त्ये उतरत न्हाई. वांगं द्या.”

तरुणाने त्यास वांगे वाढले.